बीएमआय ३३.६, शुगर सहा वर्षांची. स्लीव्ह, बायपास की काहीच नको?

चिंचगूळ · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पाककृतींच्या धाग्यांवर तेवढं "मस्त!" लिहून पळते. आज पहिल्यांदाच स्वतःचा धागा काढतेय, तोही वजन उतरवायच्या ऑपरेशनवर.

वय ४२, राहणार ठाणे. उंची १५८ सेंमी, वजन ८४. बीएमआय ३३.६. डायबेटिस सहा वर्षांचा. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या दोन्ही गोळ्या चालू आहेत, तरी शेवटचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ८.४ आला. बीपीची एक गोळी. रात्री घशाशी आंबट येतं, म्हणून उशाशी अँटासिडची बाटली कायमची.

दोन सर्जनना भेटले. पहिले म्हणाले, "तुमचं वजन काही फार नाही, स्लीव्ह पुरे." दुसरे म्हणाले, "शुगर आहे ना, मग मिनी बायपास." तिसरं मत जाऊबाईंचं, त्या सर्जन नाहीत: "एवढ्यासाठी कोणी पोट कापून घेतं का?" नवरा म्हणतो, तू ठरवशील ते. म्हणजे जे उत्तर कशालाच उपयोगी पडत नाही ते.

माझी अडचण अशी की ओळखीत ज्यांनी हे केलंय ते सगळे १२०-१३० किलोवाले. कोणाचे ५० गेले, कोणाचे ६०. माझे ५० गेले तर मी ३४ किलोची उरेन! आमच्यासारख्या अधल्यामधल्यांनी काय निवडायचं? अनुभव असेल त्यांनी जरूर लिहा. कोमट पाणी-लिंबू-मधवाल्यांना आधीच साष्टांग दंडवत.

गावरान_मेंबर · रात्री १०:१९

मध वगळून नुसतं लिंबू चालेल का? (पळतो आता)

पहाटफेरी · रात्री १०:४७

ताई, राग मानू नका, पण ८४ किलोला ऑपरेशन म्हणजे डास मारायला तोफ. मी ९१ वरून ७७ वर आलोय. दोन वेळा जेवण, ५५ मिनिटांत संपवायचं, मधे काही नाही, रोज ४५ मिनिटं चालणं. एचबीए१सी ७.९ होता, आता ६.१. खर्च शून्य. चांगलं चालणारं पोट कापून बादलीत टाकायचं, हे मला तरी पटत नाही. आधी सहा महिने मनापासून करून बघा.

चिंचगूळ · रात्री ११:०५

पहाटफेरीकाका, तुमचं मनापासून अभिनंदन. पण दीक्षित आठ महिने केलं, ९ किलो उतरले, दिवाळी ते लग्नसराई यात ११ परत आले. त्याआधी दिवेकर, दर दोन तासांनी. मग कीटो. पनीर बघितलं तरी मळमळायचं. जिमची वार्षिक फी दोनदा भरली. माझ्या कपाटात तीन मापांचे ब्लाउज आहेत आणि तिन्ही माझेच आहेत. "मनापासून" म्हणजे अजून किती?

मोरावळा · रात्री ११:२०

अगं चिंचगूळ, मी तुझ्याच पंगतीतली. २०१८ ला स्लीव्ह केली तेव्हा ८८ किलो, उंची १६०. डायबेटिस नाही, ॲसिडिटी नाही, पीसीओडी आणि गुडघे होते. वर्षभरात ६१ झाले. आता ६६ वर स्थिर आहे. पश्चात्ताप अजिबात नाही.

फक्त जे कोणी सांगत नाही ते सांगते. पहिल्या महिन्यात वरणाचं पाणी, ताक, मुगाचं कढण. ते सोपं असतं, कारण भूकच नसते. खरी परीक्षा घन सुरू झाल्यावर. मी पाचव्या आठवड्यात हुशारी करून अर्धी इडली नेहमीच्या वेगाने खाल्ली. ती छातीत अडकली. उलटी होत नाही, खाली जात नाही, तोंडात नुसती फेसाळ लाळ. वीस मिनिटं बेसिनला धरून उभी होते. त्या दिवसापासून लोणच्याची छोटी स्टीलची वाटी आणि लहान बाळाचा चमचा. चमचा खाली ठेवायचा, घास चावायचा, मग दुसरा. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. आजही पोळीपेक्षा भाकरी बरी जाते. ताजा फुलका चिकट गोळा होऊन बसतो.

केस चौथ्या महिन्यात मुठी-मुठीने गेले. आठव्याला परत आले, कुरळे!

भुलवणारी · मंगळवार, सकाळी ६:५०

मी भूलतज्ज्ञ आहे (नावावरून कळलं असेलच). पुण्यात गेली बारा वर्षं या शस्त्रक्रियांना भूल देते. सर्जन नाही, त्यामुळे मला कुठलंच ऑपरेशन विकायचं नाहीये. राउंडला जायच्या आत जमेल तेवढं लिहिते.

आधी "८४ ला कशाला" याबद्दल. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. आपली चरबी पोटात आणि लिव्हरमध्ये बसते, काट्यावर कमी दिसते. म्हणून आकड्यांची फूटपट्टीही वेगळी. अमेरिकेत १९९१ पासून ४० बीएमआय, किंवा आजार असतील तर ३५, असा नियम होता. २०२२ मध्ये अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून तो बदलला. आता ३५ ला आजार नसले तरी, ३० ते ३५ मध्ये डायबेटिससारखा आजार असेल तर, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करा म्हणतात. त्यामुळे चिंचगूळ, तुम्ही 'हौशी' गटात नाही. जाऊबाईंना सांगा.

आता निवडीकडे. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कायमचा काढतात, केळ्यासारखी नळी उरते. पहाटफेरी म्हणतात तसं ते खरंच बादलीत जातं, परत जोडता येत नाही. बायपासमध्ये वर अंड्याएवढी छोटी पिशवी करतात आणि आतडं वाय आकारात जोडतात. जठर आतच राहतं, फक्त अन्न तिथे जात नाही. मिनी बायपासमध्ये लांब पिशवी आणि दोनाऐवजी एकच जोड. ऑपरेशन लवकर आटपतं, पण पित्त त्या पिशवीत येऊ शकतं.

किलोंचा हिशोब करू. ढोबळमानाने स्लीव्हमध्ये एकूण वजनाच्या पाव भाग जातो, बायपासमध्ये तीस टक्क्यांच्या आसपास. तुमच्या ८४ चे झाले २१ आणि २५. म्हणजे फरक चार किलोंचा! १४० किलोच्या माणसाला हाच फरक सात किलोंचा पडतो आणि तो गुडघ्याला कळतो. तुमच्या वजनाला "जास्त कशाने उतरेल" हा प्रश्न जवळजवळ गैरलागू आहे. कशासाठी पोट उघडताय ते बघा. तुमच्या पोस्टमध्ये मला दोन गोष्टी दिसतात: शुगर, आणि ती उशाशी ठेवलेली बाटली. दुसरीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

एंडोस्कोपी झाली का? सी-पेप्टाइड (स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवतंय ते सांगणारी रक्ततपासणी) केलंय का?

चिंचगूळ · सकाळी ९:३०

नाही हो, दोन्ही नाही. एकाने रक्त तपासायला सांगितलं, त्यात सी-पेप्टाइड नव्हतं. ॲसिडिटीचं सांगितलं तर म्हणाले, वजन उतरलं की जाईल.

निवांत_नाशिक · सकाळी ९:५२

"वजन उतरलं की जाईल". हे वाक्य मी २०२० साली एका मोठ्या हॉस्पिटलात खुर्चीत बसून ऐकलंय. नाव लिहीत नाही, उगाच कटकट नको.

९६ किलो, उंची १७०, म्हणजे ३३ च्या आसपास, अगदी तुमच्यासारखाच. एंडोस्कोपी केलीच नाही. स्लीव्ह झाली, २४ किलो गेले, ऑफिसात टाळ्या. सहाव्या महिन्यापासून रात्री झोपेत आंबट पाणी नाकापर्यंत. आधी दोन उशा, मग तीन, मग बायको म्हणाली सरळ आरामखुर्चीतच झोपा. ॲसिडची गोळी पॅन्टोप्रॅझॉल सकाळ-संध्याकाळ. चार वर्षांनी एंडोस्कोपीत अन्ननलिका सोललेली दिसली. गेल्या वर्षी स्लीव्हचा बायपास करून घेतला. दुसरं ऑपरेशन, दुसरा खर्च, दुसऱ्यांदा कढण.

नळी अरुंद असते, आतला दाब वाढतो, अन्ननलिकेच्या तळाची झडप आधीच ढिली असेल तर ॲसिड वर येणारच. हे मला नंतर कोणीतरी कागदावर काढून दाखवलं. तो कागद आधी दाखवला असता तर बरं झालं असतं. बायपासनंतर ॲसिड गेलं. आता आडवा झोपतो. आडवं झोपण्यात काय सुख आहे ते तुम्हाला कळणार नाही.

मोरावळा · सकाळी १०:१५

नाशिककर, वाईट वाटलं वाचून. मला तसलं काही झालं नाही, पण मुळात ॲसिडिटी नव्हतीच. चिंचगूळ, माझ्यावरून स्लीव्ह ठरवू नकोस गं.

शुद्धलेखन_काका · सकाळी ११:०१

विषयांतराबद्दल क्षमस्व. 'बेरिॲट्रिक'ला मराठीत चांगला शब्द का नाही? 'स्थूलतानिवारण शस्त्रक्रिया' हा शब्द उच्चारतानाच दोनशे कॅलरी जळतात.

गावरान_मेंबर · सकाळी ११:०६

आमच्याकडे "पोट शिवून घेतलं" म्हणतात. गोणी शिवतात तसं.

शुद्धलेखन_काका · सकाळी ११:१४

'जठरसंकोच' कसा वाटतो?

गावरान_मेंबर · सकाळी ११:१५

लग्नात पंगतीला बसल्यावर मला होतो तो वेगळा का? आग्रह झाला की जातो.

वऱ्हाडी_ठेचा · दुपारी १:४०

मी नागपूरची. इथं सगळे स्लीव्हलाच झोडपून राह्यले, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

२०१७ ला मिनी बायपास. ७६ किलो, उंची १५६, डायबेटिस तीन वर्षांचा. शुगर डिस्चार्जच्या आधीच नॉर्मल! गोळ्या बंद झाल्या त्या आजपावेतो बंदच आहेत, ते कबूल करते. पण वजन थांबेचना. ५५ झालं, ५०, मग ४७. लोक विचारायचे, "काहून वं, काही मोठं दुखणं तर नाही ना?" पायावर सूज, दिवसातून पाच-सहा वेळा संडास, आणि त्या वासाबद्दल लिहीत नाही. रक्तातलं प्रोटीन, अल्ब्युमिन, २.६ वर. ॲडमिट करून शिरेतून प्रोटीन दिलं.

नंतर कळलं की आतडं अडीच मीटर वगळलं होतं. दुसऱ्या सर्जनने विचारलं, "ही लांबी कोणी ठरवली?" मले काय माहीत! पुन्हा ऑपरेशन करून तो वगळलेला भाग कमी केला. आता ५४ किलो, ठीक आहे. पण वजन कमी असणाऱ्याच्या अंगात राखीव साठाच कमी असतो बाप्पा. शंभर-सव्वाशेवाल्याला जे पचतं ते आपल्याला नाही पचत. मिनी करणार असशील तर एकच विचार: "किती सेंटिमीटर वगळणार?" आकडा सांगत नसेल तर उठून ये.

भुलवणारी · दुपारी ३:२५

ठेचा, फार मोलाचं लिहिलंत. मिनी बायपासची ही कळीची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या डॉ. रटलेज यांनी १९९७ मध्ये ते सुरू केलं, भारतात खूप रुजलं, आणि शुगरवर जोरदार काम करतं. पण वगळलेलं आतडं दोनशे सेंमीच्या पुढे गेलं की कुपोषणाचा धोका वाढतो. कमी बीएमआय असेल तर बरेच जण दीडशेवर थांबतात. शाकाहारी असाल तर आणखी जपून. चिंचगूळ, मांसाहार करता का?

चिंचगूळ · दुपारी ३:४०

मासे. श्रावण आणि चातुर्मासातले काही वार सोडून. सासूबाई हे वाचत नाहीत, म्हणून सांगते, वार सोडूनही नाही.

कागदपत्र · संध्याकाळी ५:१०

खर्चाचं कोणीच काही बोललं नाही, म्हणून मी बोलतो. मेडिक्लेमच्या भरवशावर असाल तर आत्ताच सावध व्हा. विमा नियामकाने २०१९ मध्ये जे विम्यातून काय वगळायचं याचं प्रमाणित कलम ठरवलं त्यात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ डायबेटिस, अशी अट आहे. ३३.६ त्यात बसत नाही. वैद्यकीय शिफारशी पुढे गेल्या, विम्याचे कागद मागेच राहिले.

माझ्या बहिणीचा क्लेम ३४.१ वर नामंजूर झाला. आम्हाला आधी फोनवर "होऊन जाईल" सांगितलं होतं. फोनवर ऐकलेलं पुरावा म्हणून चालत नाही. लेखी पूर्वमंजुरी घ्या, नाहीतर पैसे बाजूला काढूनच ठेवा. आम्हाला ३ लाख ८० हजार पडले, त्यात नंतरच्या तपासण्या आणि गोळ्या नाहीत.

गावरान_मेंबर · संध्याकाळी ५:१८

३३.६ चे ३५ करायला साडेतीन किलो लागतील. महिनाभर मिसळ आणि पेढे. पहिल्यांदाच असं डाएट जे मी सुचवू शकतो.

कागदपत्र · संध्याकाळी ५:२६

हसलो, पण असले उद्योग करू नका. जुन्या फाइलीतले वजनाचे आकडे मागवतात.

सोसायटीचा_सेक्रेटरी · संध्याकाळी ६:०२

इंजेक्शनचं काय? मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, त्यानंतर दोन महिन्यांनी मी सुरू केलं. १०२ किलो होतो, ९१ झालो. जेवणाचा विचारच डोक्यातून जातो, वडापावच्या गाडीवरून गेलो तरी मान वळत नाही. ५ मिग्रॅच्या चार कुप्यांचे महिन्याला साडेसतरा हजार जात होते. सोसायटीच्या मेंटेनन्सची थकबाकी वसूल करणारा मी, स्वतःच थकलो. पाच महिन्यांनी बंद केलं. दोन महिन्यांत भूक परत आली, ९७ झालोय.

भुलवणारी · रात्री ८:४४

सेक्रेटरीसाहेब, हे अपेक्षितच आहे. औषध चालू असेपर्यंत काम करतं, बीपीच्या गोळीसारखं. चाचण्यांमध्ये टिर्झेपेटाइडच्या (म्हणजे मौंजारोच्याच) सर्वांत मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत वजन एकवीस टक्क्यांच्या आसपास उतरलं, पण ते डायबेटिस नसलेल्यांत. डायबेटिस असलेल्यांत पंधराच्या आसपास. चिंचगूळच्या हिशोबात साडेबारा किलो. त्यांच्यासारख्या कमी बीएमआयवाल्यांसाठी हा खराखुरा पर्याय आहे. १३० किलोवाल्यापेक्षा तर नक्कीच जास्त खरा. प्रश्न फक्त किती वर्षं परवडेल आणि सोसवेल एवढाच.

कोणी पोटात फुगवून ठेवतात त्या बलूनबद्दल विचारायच्या आत: तो काही महिन्यांचा पाहुणा. काढला की भूक घरी परत.

टेम्सकाठची · रात्री ११:५८ (तुमच्याकडे)

लंडनहून. इथे मार्गदर्शक तत्त्वांत आशियाई वंशाच्या लोकांसाठी बीएमआयची अट २.५ ने कमी धरतात आणि नवीन डायबेटिस असेल तर ३० च्या वरच्यांनाही विचारात घेतात. कागदावर छान! प्रत्यक्षात मी आधी वजन-नियंत्रण सेवेच्या रांगेत, मग तिथून सर्जरीच्या रांगेत. माझी आई म्हणते, पुण्याला ये, महिनाभरात करून जा. पण नंतरचे फॉलोअप कोण बघणार? हेही लक्षात घ्या, परदेशातून येऊन करणारे बरेच आहेत.

ओवी_कोल्हापूर · बुधवार, सकाळी ७:३०

मी नेहमीचा, म्हणजे दोन जोडांचा बायपास केलाय, तीन वर्षं झाली. ८६ किलो होते, आता ६०. आधी इन्सुलिन होतं, आता फक्त मेटफॉर्मिन. ॲसिडिटी शून्य. तांबडा चालतो, पांढरा चालतो, गोड चालत नाही.

पहिल्या वर्षी गौरीजेवणात सगळ्यांनी आग्रह केला, एक मोदक तर खा. एक खाल्ला, काही झालं नाही. म्हणून दुसरा, वर तूप. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, पोटात पिळा. बायका फुगडीला उठल्या आणि मी सोफ्यावर आडवी. सासरे म्हणाले, देवीचा कोप. मी म्हटलं, साखरेचा. डंपिंग म्हणतात त्याला. खरं सांगू? माझ्यासाठी तो वरदान ठरला. शेजारीण पेढे घेऊन आली तरी हात पुढे होत नाही.

पण गोळ्या जन्माच्या. लोह सकाळी, कॅल्शियम दुपारी (दोन्ही एकत्र घ्यायचं नाही, एकमेकांना अडवतात), डी, बी१२ चं इंजेक्शन, दर सहा महिन्यांनी रक्त. दुखणं निघालं की डायक्लोफिनॅक वगैरे चालत नाही, जोडावर अल्सर होतो. मिशरी-तंबाखूचंही तेच. माझी मोठी नणंद मिशरी लावते, तिला सर्जनने याच कारणासाठी परत पाठवलं. अजून सुटलेली नाही.

पहाटफेरी · सकाळी ८:१०

वाचतोय सगळं. जन्मभर गोळ्या, जन्मभर रक्त. मग आधीच्या गोळ्यांत काय वाईट होतं?

ओवी_कोल्हापूर · सकाळी ८:३१

काका, आधीच्या गोळ्या घेऊनसुद्धा डोळ्याच्या पडद्यावर ठिपके यायला लागले होते. आताच्या घेऊन थांबलेत.

भुलवणारी · दुपारी २:०५

पहाटफेरींचा प्रश्न उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. ऑपरेशन म्हणजे डायबेटिसचा दाखला रद्द, असं कोणी सांगत असेल तर ते खोटं. अमेरिकेत १५० रुग्णांवर एक गाजलेली चाचणी झाली, बीएमआय २७ ते ४३ मधले. २०१७ मध्ये तिचे पाच वर्षांचे निकाल आले. एचबीए१सी ६ किंवा त्याखाली किती जणांचा? नुसत्या औषधांवर ५ टक्के, स्लीव्हवर २३, बायपासवर २९. औषधांपेक्षा कितीतरी सरस. पण दहातल्या सात जणांना तो आकडा गाठता आला नाही, हेही त्यातच लिहिलंय. बहुतेकांची औषधं घटली, शुगर आटोक्यात आली, हा खरा फायदा.

आणि गंमत म्हणजे वजन कमी असलं की डायबेटिस 'जाण्याची' शक्यताही कमी धरतात. तैवानच्या सर्जनांनी वय, बीएमआय, सी-पेप्टाइड आणि किती वर्षांचा डायबेटिस यांवरून दहा गुणांचं एक गणित केलंय. जास्त बीएमआयला जास्त गुण. कारण जाड माणसाची शुगर मुख्यतः चरबीमुळे असते, चरबी गेली की ती जाते. तुमच्यासारख्यांत स्वादुपिंड किती थकलंय ते आधी बघावं लागतं. सी-पेप्टाइड मी उगाच नव्हतं विचारलं.

चिंचगूळ · पुढचा मंगळवार, रात्री ९:१५

आठवडाभर गायब होते, तपासण्या करत फिरत होते. निकाल:

एंडोस्कोपी: हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला) ३ सेंमी, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ग्रेड बी सूज. एच. पायलोरी हा पोटातला जंतू पॉझिटिव्ह, त्याची चौदा दिवसांची औषधं सुरू. घशात स्प्रे मारून नळी घातली तेव्हा मी टेक्निशियनचा हात इतका घट्ट धरला होता की त्याच्या मनगटावर माझी नखं उमटली. सॉरी म्हटलं तर म्हणाला, "मॅडम, रोजचंच आहे."

सी-पेप्टाइड ३.१. व्हिटॅमिन डी ११.

रिपोर्ट घेऊन दोन्ही सर्जनकडे परत गेले. पहिले म्हणाले, स्लीव्हच करू, हर्निया त्याच वेळी शिवून टाकू. दुसऱ्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मी मिनी म्हणालो होतो, ते मागे घेतो. हे बघून दोन जोडांचा बायपास करावा." मला त्यांचं 'मागे घेतो' फार आवडलं. असं म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला.

निवांत_नाशिक · रात्री ९:२२

ग्रेड बी आणि वर स्लीव्ह? ताई, माझी आरामखुर्ची विकत हवी आहे का?

भुलवणारी · रात्री १०:१०

हर्निया शिवून स्लीव्ह करणारे आहेत, काहींचं चांगलं चालतं. पण शिवण ढिली पडते, आणि नळीतला दाब काही कमी होत नाही. सूज असताना पित्त वर येण्याची शक्यता असलेलं मिनीही मी माझ्या बहिणीला सुचवलं नसतं. ३.१ मात्र चांगला आकडा आहे, स्वादुपिंडात जीव आहे. तैवानच्या गणितात दहापैकी चार होतात: सी-पेप्टाइडचे दोन, वर्षांचा एक, बीएमआयचा एक. वय चाळिशीच्या पुढे, त्याचा शून्य. म्हणजे शुगर पूर्ण गेली तर बोनस समजा. औषधं निम्म्यावर येतील अशी अपेक्षा ठेवून आत जा.

पहाटफेरी · रात्री १०:३०

मी अजूनही म्हणतो, सहा महिने माझ्याबरोबर चाला. पण एंडोस्कोपीचं वाचून थोडा गप्प झालोय. चालून हर्निया जात नाही.

शुद्धलेखन_काका · रात्री १०:३६

या संस्थळावर कोणी "गप्प झालोय" लिहिल्याची पहिलीच वेळ. धागा जतन करावा.

वऱ्हाडी_ठेचा · रात्री १०:५०

लांबी विचारली का?

चिंचगूळ · रात्री ११:०४

विचारली! ते म्हणाले, आतड्याची पित्ताची बाजू ५० सेंमी आणि अन्नाची १२०, कागदावर लिहून सही करून दिलं. फाइलीत लावलंय. तुझी आठवण काढली मनातल्या मनात.

तारीख धरलीय, दिवाळीनंतरची. विम्याने लेखी नकार दिला, कागदपत्र यांनी सांगितलं तस्संच, त्यामुळे एक एफडी मोडली. आधीचे दोन आठवडे लिव्हर आकसावं म्हणून प्रोटीन पावडर आणि सूपवर राहायचंय. पहाटफेरीकाका, त्या दोन आठवड्यांत चालायला येते, ठाणे स्टेशनला या. ग्लिमेपिराइड कधी थांबवायची ते फिजिशियन सांगणार आहेत, शुगर एकदम खाली जाऊ नये म्हणून. जाऊबाईंनी तोंड वाकडं केलं, पण हॉस्पिटलच्या चार दिवसांचा डबा त्याच देणार आहेत, नवऱ्यासाठी.

भुलवणारी, एक बावळट प्रश्न. दागिने सगळे काढावे लागतात का? मंगळसूत्र काढेन, पण जोडवी लग्नापासून निघालेली नाहीत.

भुलवणारी · रात्री ११:२०

सगळे काढायचे. आत विजेवर चालणारी उपकरणं असतात, अंगावर धातू नको. नेलपॉलिशही नको, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावतो. जोडवी आतापासूनच सैल करायला लागा. थिएटरच्या दारात कात्रीने कापावी लागली की पेशंटपेक्षा सासूबाई जास्त रडतात. साबणाचं पाणी नाहीतर खोबरेल तेल, आणि पाय आधी थोडा वेळ उंचावर.

गावरान_मेंबर · रात्री ११:२३

किंवा कोमट पाणी-लिंबू.

चिंचगूळ · रात्री ११:४९

एक निघालं. दुसरं अडलंय.